इंग्रजीतील भविष्यकथन व निश्चिततेच्या छटा

भविष्यकथन म्हणजे पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयी केलेले विधान. असे विधान करणारा मनुष्य दोन गोष्टी एकदम सांगत असतो: काय घडेल, आणि ते घडेल याची त्याला कितपत खात्री वाटते. यांपैकी दुसऱ्या गोष्टीस निश्चिततेची छटा म्हणता येते. इंग्रजीत ही छटा मुख्यतः ‘विल’, ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’ यांसारख्या साहाय्यक क्रियापदांनी आणि ‘प्रॉबॅब्ली’, ‘पर्हॅप्स’ यांसारख्या क्रियाविशेषणांनी दाखवली जाते. मराठीत ती पुष्कळदा क्रियापदाच्या रूपातच असते. त्यामुळे एका भाषेतील अंदाज दुसरीत नेताना ‘काय घडेल’ हे सहसा शाबूत राहते, पण ‘किती खात्रीने’ हे वाटेत सांडते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न वऱ्हाडातील, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पावसाच्या अंदाजांच्या उदाहरणांनी मांडला आहे.

वऱ्हाडातील संदर्भ

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथील भूजल खारे असल्यामुळे विहिरीवर ओलीत करण्याची सोय फारशी नाही. कापूस, तूर, सोयाबीन ही खरिपाची पिके आकाशाकडे पाहूनच घ्यावी लागतात. पहिल्या सरीवर विसंबून पेरले आणि मग पावसाने दडी मारली, तर बियाणे मातीत जाते व दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज कोरडवाहू पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग व कृषी विद्यापीठे देत असतात.

भारतीय हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून विदर्भाचा अंदाज प्रसृत होतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून (स्थापना २० ऑक्टोबर १९६९) हवामानावर आधारित कृषी सल्ला दिला जातो. ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या योजनेनुसार असे सल्ले मंगळवारी व शुक्रवारी निघतात. मूळ अंदाजाची परिभाषा इंग्रजी आहे. तेथे जो शब्द ‘लाइकली’ असतो, तो मराठी पत्रकात ‘शक्यता आहे’ होतो, बातमीच्या मथळ्यात ‘पाऊस येणार’ होतो, आणि गावच्या पारावर पोहोचेपर्यंत ‘पानी येनारच हाये’ होतो. या प्रवासात कोणीही जाणूनबुजून खोटे बोललेले नसते.

इंग्रजीची रचना

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा स्वतंत्र प्रत्यय नाही. भूतकाळासाठी ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ होते, तसे भविष्यासाठी काही होत नाही. ती उणीव इतर शब्दांनी भरून काढली जाते. त्यांतील ‘विल’चा मूळ अर्थ इच्छिणे आणि ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे, बांधील असणे असा होता. इच्छा आणि बांधिलकी या दोन मानवी गोष्टींपासून काळाची रूपे तयार झाली, आणि त्या मूळ अर्थांचा वास आजही पूर्णपणे गेलेला नाही.

जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात असा नियम घातला, की प्रथम पुरुषी ‘शॅल’ हे केवळ भविष्य सांगते आणि ‘विल’ हे वचन किंवा धमकी देते. द्वितीय व तृतीय पुरुषी याच्या नेमके उलट. पुढे शाळांनी हा नियम शिरोधार्य मानला. आपल्याकडेही रेन व मार्टिन यांच्या व्याकरणावर वाढलेल्या पिढ्यांनी ‘आय शॅल, यू विल’ हे पाढ्यासारखे पाठ केले. बुडणाऱ्या परदेशी माणसाने ‘विल’ व ‘शॅल’ यांची अदलाबदल करून मदत मागितली आणि काठावरच्या व्याकरणप्रेमींनी त्याची बुडण्याची इच्छा मानून त्याला बुडू दिले, असा एक जुना विनोद आहे. आजच्या बोलण्यात हा भेद जवळजवळ मोडला आहे. ‘शॅल’ आता मुख्यतः ‘शॅल वी गो?’ अशा विचारणेत आणि कायद्याच्या मसुद्यात उरले आहे. कायद्यातील ‘शॅल’ हे भाकीत नसून आज्ञा असते. मराठी अधिनियमांत त्याचे भाषांतर ‘करील’, ‘असेल’ असे होते. ज्या प्रत्ययाने आपण पावसाचा तर्क करतो, त्याच प्रत्ययाने शासन हुकूम देते, हे नवख्या वाचकाला चकवणारे आहे.

‘विल’ हे वक्त्याचे मत किंवा अपेक्षा सांगते. ‘गोइंग टु’ हे डोळ्यांसमोर दिसणाऱ्या लक्षणावरून केलेले विधान असते. पावसाळ्यात फुगलेल्या मातीच्या भिंतीकडे बोट दाखवून इंग्रज माणूस ‘द वॉल इज गोइंग टु फॉल’ असेच म्हणेल. ठरलेल्या भेटीगाठींसाठी ‘वी आर मीटिंग ऑन मंडे’ असा चालू वर्तमानकाळ, तर वेळापत्रकासाठी ‘द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स’ असा साधा वर्तमानकाळ चालतो. साध्या वर्तमानाने भविष्य सांगणे हा खात्रीचा वरचा दर्जा आहे. सूर्योदय आणि रेल्वे यांना तो समान मिळतो. बडनेरा स्थानकावर वाट पाहणाऱ्याला त्याची गंमत कळेल.

खात्री उतरत जाते तशी इंग्रजी साहाय्यक क्रियापदे बदलतात. ‘इट विल रेन’ म्हणजे बोलणाऱ्याला शंका नाही. ‘इट शुड रेन’ म्हणजे लक्षणे पाहता यावयास हवा. ‘इट मे रेन’ म्हणजे येईल किंवा न येईल. ‘माइट’ आणि ‘कुड’ त्याहून थोडे मागे, जरी अनेक इंग्रजी भाषकांना ‘मे’ आणि ‘माइट’ यांत अंतर जाणवत नाही. ‘बाउंड टु’ हे ‘विल’पेक्षाही पक्के. यांतील ‘शुड’ची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: ते सहसा हव्याशा गोष्टीसाठी येते. ‘बस दहापर्यंत यावयास हवी’ याला ‘शुड’ शोभते. ‘बस उशिरा येईल’ या तक्रारीला ते शोभत नाही.

मराठीची रचना

मराठीत भविष्याची दोन मुख्य रूपे आहेत. ‘येईल’ हे ईलाख्याताचे रूप आणि ‘येणार’ हे धातुसाधितापासून बनलेले रूप. शालेय पुस्तकांत दोन्हींना भविष्यकाळ म्हटले जाते आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः ‘पाऊस येईल’ आणि ‘पाऊस येणार’ ही समानार्थी वाक्ये नाहीत. पहिल्यात तर्क आहे, दुसऱ्यात ठरलेपणा आहे. वर सांगितलेली फुगलेली भिंत ‘पडणार’ असते. शेजारच्या लहान मुलाला मात्र आपण ‘अरे, पडशील!’ असे ओरडतो. तेथे पडणे ठरलेले नाही, ते टाळता येण्याजोगे आहे, म्हणून ‘पडणार आहेस’ असे आपण म्हणत नाही. इंग्रजीतील ‘विल’ आणि ‘गोइंग टु’ यांच्या भेदाशी याचे साम्य आहे, पण ते तंतोतंत नाही. मराठी ‘येईल’ हे इंग्रजी ‘विल’पेक्षा बरेच नरम आहे. ‘येईल हो, बसा’ या वाक्यात धीर देण्याचा भाग अधिक आणि खात्रीचा कमी असतो.

‘च’ हे अव्यय लागले की पारडे झुकते: ‘येईलच’, ‘येणारच’. त्याहून पुढची पायरी म्हणजे भविष्याला भूतकाळाचे रूप देणे. ‘आलोच’ असे म्हणणारा अजून घरातून निघालेला नसतो. धुळीचे लोट उठले आणि मातीचा वास सुटला की वाळवण आवरण्यासाठी ‘पाऊस आला, पाऊस आला!’ अशी हाक जाते, तेव्हा एक थेंबही पडलेला नसतो. घडण्याइतके निश्चित ते घडलेच, असा या रूपाचा भाव आहे. इंग्रजीत ‘आलोच’साठी ‘आय ॲम कमिंग’ असे चालू वर्तमान वापरावे लागते.

दुसऱ्या टोकाला विध्यर्थी ‘यावा’ हे रूप आहे. शालेय व्याकरणात विध्यर्थाचे कर्तव्य, योग्यता, इच्छा आणि शक्यता असे अर्थ सांगितले जातात. ‘उद्यापर्यंत पाऊस यावा’ या वाक्यात इच्छा किती आणि तर्क किती हे वेगळे काढणे कठीण आहे. ‘यायला हवा’, ‘आला पाहिजे’ यांचेही तसेच. ज्याचे बियाणे घरात येऊन पडले आहे त्याच्या तोंडी ‘आता पाणी यायला हवे’ हे वाक्य अंदाजही असते आणि आर्जवही. इंग्रजी भाषांतरकाराला येथे ‘शुड’ की ‘आय होप’ अशी निवड करावीच लागते आणि निवडले की अर्धा अर्थ जातो.

घडून गेलेल्या पण न पाहिलेल्या गोष्टींविषयीही मराठी भविष्याचीच रूपे कामी आणते. ‘काल दर्यापूरकडे पाऊस आला असेल’ हा नुसता तर्क. ‘आला असावा’ म्हणणाऱ्याकडे काहीतरी खूण असते, गार वारा किंवा चिखलाने माखलेली एस.टी. ‘आला असणार’ म्हणणारा जवळजवळ शपथेवर सांगत असतो. सर्वांच्या बोलण्यात हा भेद इतका काटेकोर नसतो, पण चांगल्या लेखनात तो पाळलेला आढळतो. इंग्रजीत याच पायऱ्या ‘मे हॅव’, ‘मस्ट हॅव’ अशा चढतात. दारावरची थाप ऐकून ‘दॅट विल बी द पोस्टमन’ असे इंग्रजीत म्हणतात आणि आपण ‘पोस्टमन असेल’ म्हणतो. वर्तमानाविषयीच्या तर्काला भविष्याचे रूप देण्याची ही खोड दोन्ही भाषांत सारखी आहे.

वऱ्हाडी बोलीतील रूपे

वऱ्हाडीत भविष्यकाळी प्रत्ययातील ‘ल’चा ‘न’ होतो: ‘तो येईन’, ‘तू येशीन’, ‘ते येतीन’, ‘आला असन’. पावसाला बोलीत ‘पानी’ म्हणतात, म्हणून ‘पानी येईन’. प्रमाण मराठीत ‘येईन’ हे केवळ प्रथम पुरुषी रूप असल्यामुळे ‘तो येईन’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत लाल शाईची रेघ पडते. ही चूक अडाणीपणाची नव्हे. त्याच्या घरच्या भाषेचे व्याकरण पक्के आहे, ते प्रमाण व्याकरणाहून वेगळे आहे इतकेच. प्रथम व तृतीय पुरुषाचे एकवचन येथे एकरूप होते. इंग्रजी ‘विल’ सर्व पुरुषांत सारखेच राहते, हे समजावताना वर्गात या साम्याचा उपयोग होतो. ‘येनार’ आणि ‘येईन’ यांतील खात्रीचा भेद बोलीतही प्रमाण भाषेसारखाच आहे.

नकार

मराठीत ‘येईल’चा थेट नकार होत नाही. ‘येईल नाही’ असे कोणी म्हणत नाही. त्याचा नकार ‘येणार नाही’ असा होतो, म्हणजे होकारात असलेल्या दोन पायऱ्या नकारात एक होऊन जातात. सौम्य नकार हवा असेल तर ‘येईल असे वाटत नाही’ असा वळसा घ्यावा लागतो. इंग्रजीतही ‘आय डोन्ट थिंक इट विल रेन’ हेच अधिक रुळलेले आहे.

खरी अडचण ‘शक्यता’ या शब्दाभोवती आहे. ‘पाऊस न येण्याची शक्यता आहे’ आणि ‘पाऊस येण्याची शक्यता नाही’ या दोन वाक्यांत ‘न’ आणि ‘नाही’ यांची जागा तेवढी बदलली आहे. पहिल्यात दार उघडे आहे, दुसऱ्यात ते बंद झाले. इंग्रजीत पहिल्याला ‘इट मे नॉट रेन’ आणि दुसऱ्याला ‘इट कान्ट रेन’ किंवा ‘देअर इज नो चान्स’ म्हणावे लागते. ‘शक्यता नाकारता येत नाही’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्दप्रयोग तर दोन नकारांनी बनलेला आहे आणि त्यातून खात्रीचे कोणतेच माप हाती लागत नाही.

‘शकणे’ या क्रियापदामुळे आणखी एक गोंधळ होतो. ‘मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाऊ शकते’ हे त्या शहराच्या स्वभावाविषयीचे विधान आहे आणि तेथे इंग्रजी ‘कॅन’ योग्य आहे. ‘उद्या पाऊस पडू शकतो’ हे एका ठराविक दिवसाविषयीचे अनुमान आहे. तेथे ‘कॅन’ चालत नाही, ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ लागते. मराठीत दोन्हीकडे ‘शकते’ असल्याने विद्यार्थी हमखास ‘इट कॅन रेन टुमॉरो’ लिहितात.

अटीची वाक्ये

‘पाऊस आला तर पेरू’ आणि ‘पाऊस आला की पेरू’ यांतील अंतर शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. ‘तर’मध्ये शंका आहे, ‘की’मध्ये नाही. इंग्रजीत हा भेद ‘इफ’ आणि ‘व्हेन’ यांनी होतो. येथवर दोन्ही भाषा समांतर चालतात. पुढे वाट फुटते. मराठीत अटीच्या भागात ‘आला’ हे भूतकाळाचे रूप येते आणि त्यात वावगे काही नाही. इंग्रजीत तेथे वर्तमानकाळ लागतो: ‘इफ इट रेन्स’. भूतकाळ घालून ‘इफ इट केम’ केले की वक्त्याला पाऊस येण्याची आशा फारशी नाही असा अर्थ होतो. मराठी भूतकाळाचे शब्दशः भाषांतर करणारा विद्यार्थी नकळत निराशावादी ठरतो. याउलट भविष्याच्या ओढीने ‘इफ इट विल रेन’ लिहिणारेही पुष्कळ. ‘पाऊस आला असता तर पेरले असते’ या संकेतार्थी रचनेत मात्र दोन्ही भाषांत संधी हुकल्याची खंत सारखीच उमटते.

शब्द आणि आकडे

‘लाइकली’, ‘प्रॉबॅबल’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनात कोणता आकडा उभा करतात, हा प्रश्न विसाव्या शतकात अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत ऐरणीवर आला. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असे एका अहवालात लिहिले गेले. शर्मन केंट या अधिकाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ शंभरात सुमारे पासष्ट असा होता. त्याने सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा वीसपासून ऐंशीपर्यंत उत्तरे आली. हे सर्वजण एकाच वाक्याला संमती देऊन बसले होते. केंटने १९६४ साली प्रत्येक शब्दाला आकडा जोडणारी यादी मांडली. तीत ‘प्रॉबॅबल’ म्हणजे सुमारे ७५ टक्के आणि ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारे ९३ टक्के असे ठरले.

हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे किमान ९९ टक्के. भारतीय हवामान विभागाच्या पत्रकांतील मापे वेगळी आहेत. तेथे २५ टक्क्यांहून कमी संभाव्यतेला ‘अनलाइकली’, २५ ते ५० टक्क्यांना ‘लाइकली’, ५० ते ७५ टक्क्यांना ‘व्हेरी लाइकली’ आणि ७५ टक्क्यांहून अधिक असल्यास ‘मोस्ट लाइकली’ म्हणतात. म्हणजे एका दस्तऐवजातील ‘लाइकली’ हा निम्म्याहून बराच वर आणि दुसऱ्यातील ‘लाइकली’ निम्म्याच्या खाली. शब्दकोशात पाहून हा भेद कळणे शक्य नाही. पत्रकाच्या तळाशी दिलेली मापांची चौकट वाचावी लागते आणि मराठी बातमीत ती क्वचितच छापली जाते. मराठीत ‘लाइकली’ला ‘शक्यता’ म्हणणे या दृष्टीने वाईट नाही. ‘शक्यता’ ऐकून पेरणीला निघावे की नाही, याचे उत्तर मात्र चाळीस टक्के आणि ऐंशी टक्के या दोन्हींसाठी एकच असू शकत नाही. गणिताच्या दहावीच्या पुस्तकात यासाठी ‘संभाव्यता’ हा निराळा शब्द आहे. तो वर्गाबाहेर पडलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

टक्क्यांचाही घोटाळा होतो. ‘यंदा सरासरीच्या १०६ टक्के पाऊस’ या २०२४ च्या एप्रिलमधील अंदाजात १०६ हे पावसाचे प्रमाण आहे, खात्रीचे नाही. संपूर्ण देशाची जून ते सप्टेंबरची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर धरून हा आकडा काढला जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांची चूक गृहीत असते. त्या वर्षी देशात सुमारे १०८ टक्के पाऊस झाला. २००२ साली मात्र १०१ टक्क्यांचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडून देशभर दुष्काळ झाला. त्यानंतर विभागाने आपली गणिती प्रतिमाने बदलली. देशाच्या सरासरीवरून तेल्हारा किंवा अंजनगावच्या शेतात काय होईल हे कळत नाही, हे निराळे सांगायला नको.

चाळीस टक्के संभाव्यता सांगितली आणि पाऊस आला नाही, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. असा अंदाज ज्या शंभर दिवसांना दिला गेला, त्यांपैकी सुमारे चाळीस दिवस पाऊस झाला का, हीच त्याची कसोटी. एका दिवसाच्या अनुभवावर ‘खात्याचे काही खरे नाही’ म्हणणारे आणि एका दिवसाच्या यशावर टाळ्या वाजवणारे, दोघेही सारखेच घाई करतात.

प्रमाणाचे आणि ठिकाणाचे शब्द

निश्चिततेच्या शब्दांबरोबर अंदाजात आणखी दोन प्रकारचे शब्द येतात आणि त्यांची सरमिसळ होते. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे शब्द विभागातील किती केंद्रांवर पाऊस होईल ते सांगतात: अनुक्रमे २५ टक्क्यांपर्यंत, ५० पर्यंत, ७५ पर्यंत आणि त्याहून अधिक. ‘तुरळक’ ऐकताच वाचकाला तुरळक थेंब आठवतात. वास्तविक ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ या अंदाजात जेथे पडेल तेथे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस अपेक्षित असतो. पिवळा, नारिंगी व लाल हे रंगही निव्वळ खात्रीचे नव्हेत. धोका किती मोठा आणि तो घडण्याची संभाव्यता किती, या दोहोंच्या मेळातून रंग ठरतो. पिवळ्याचा अधिकृत अर्थ ‘लक्ष ठेवा’ एवढाच आहे. बातम्यांत त्यालाही ‘अलर्ट’ म्हणण्याची प्रथा पडली आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे होणाऱ्या घटमांडणीची भाषा या संदर्भात पाहण्यासारखी आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात वर्तुळाकार अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. मध्यभागी खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, वडा, भजे असे पदार्थ ठेवतात. रात्री तेथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कसे सरकले, ढेकळे किती भिजली हे पाहून पीक, पाऊस आणि राजकारण यांविषयी भाकीत सांगितले जाते. परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगितले जाते व भाकीत ऐकण्यास वऱ्हाड-खानदेशातून शेतकरी येतात. त्याला वैज्ञानिक आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी त्यावर वेळोवेळी आक्षेप घेतला आहे.

भाषेच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी, की ‘ज्वारी साधारण राहील’, ‘तूर मोघम येईल’ अशा धाटणीच्या विधानांत ‘साधारण’ आणि ‘मोघम’ हे शब्द पिकाला लागतात. ते सांगणाऱ्याच्या खात्रीला लागत नाहीत. क्रियापद सरळ ‘राहील’ असते. ‘बहुधा’ नाही, ‘कदाचित’ नाही. विधान ठाम आणि त्यातील माप सैल, अशी ही रचना आहे. ‘साधारण’ पीक म्हणजे एकरी किती क्विंटल हे कोणी सांगितलेले नसल्यामुळे असे भाकीत खोटे ठरवणे अवघड जाते. हवामान विभागाच्या अंदाजात नेमके उलट असते: माप घट्ट आणि खात्री सैल. म्हणूनच तो चुकलेला लगेच दिसतो आणि लोक त्याच्यावर रागावतात.

विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका

वर आलेल्या ‘इट कॅन रेन’ आणि ‘इफ इट विल रेन’ यांखेरीज आणखी काही चुका उत्तरपत्रिकांत वारंवार दिसतात. ‘उद्या पाऊस आलाच पाहिजे’ याचे ‘इट मस्ट रेन टुमॉरो’ असे भाषांतर केले जाते. तर्क म्हणून ‘मस्ट’ हे वर्तमान किंवा भूतकाळातील गोष्टीला लागते; भविष्याच्या खात्रीसाठी ‘बाउंड टु’ किंवा ‘विल सर्टनली’ घ्यावे. ‘प्रॉबॅब्ली’ची जागाही चुकते. होकारात ते ‘विल’नंतर येते, नकारात ‘वोन्ट’च्या आधी: ‘इट विल प्रॉबॅब्ली रेन’, पण ‘इट प्रॉबॅब्ली वोन्ट रेन’. ‘मेबी’ वाक्याच्या आरंभी येते आणि ते एक शब्द आहे. ‘मे बी’ हे दोन शब्द क्रियापदाच्या जागी येतात. ‘मेबी इट विल’ आणि ‘इट मे बी’ यांची खिचडी करू नये.

मराठी बाजूला ‘कदाचित’, ‘बहुधा’ आणि ‘क्वचित’ यांची अदलाबदल होते. ‘बहुधा’ हे निम्म्याहून अधिक खात्रीचे, ‘कदाचित’ त्याहून बरेच कमी. ‘क्वचित’चा खात्रीशी संबंध नाही, ते किती वेळा घडते ते सांगते. ‘कदाचित पाऊस नक्की येईल’ असे वाक्य निबंधात आढळल्यास दोन क्रियाविशेषणांपैकी एक काढून टाकण्यास सांगावे. कोणते काढायचे हे मात्र विद्यार्थ्यालाच ठरवू द्यावे.

परीक्षेत ‘हेवी रेन व्हेरी लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर विदर्भ’ यासारखे वाक्य भाषांतरास आल्यास ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची दाट शक्यता’ असे करावे. ‘दाट’ गाळल्यास खात्रीची एक पायरी जाते, ‘तुरळक ठिकाणी’ गाळल्यास अंदाज साऱ्या विदर्भाचा होतो, आणि ‘शक्यता’ऐवजी ‘पडणार’ लिहिल्यास मूळ वाक्य उरतच नाही.